पळसाच्या पानांचा धनाजी

माळाची वाडी, पोस्ट उंब्रज
ता. १० जून १९६३

ती. सौ. आक्काताई यांस,
बनूचा शि. सा. नमस्कार.

वन्सं, तुमचं कार्ड पोचलं. चिन्यांनी कैदी सोडले ही बातमी खरी आहे. ह्यांच्याच पलटणीतला, नदीपलीकडचा राजाराम मागच्या आठवड्यात घरी आला. हे कळल्यावर मी आणि मामंजी दोघं त्याच्याकडं जाऊन आलो. तो ओळखू येत नाही. गालफडं बसलीत, पायाची दोन बोटं बर्फानं गेलीत. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला आणि रडायलाच लागला. माझा जीव तिथंच अर्धा झाला.

मामंजींनी विचारलं, "धना कुटं हाय?"

तो म्हणाला, "आबा, खोटं कशाला सांगू. क्यांपात धना नव्हता. माघारी फिरायचा हुकूम आला तवा समदं धुकं हुतं. धना माझ्या मागनं येत हुता. खाली उतरून वळून बघितलं तर मागं कोनच न्हाई."

"पडल्याला बघितलास का?"

"न्हाई बघितला."

"मग हाय," मामंजी म्हणाले आणि पायात वहाणा घातल्या. परत येताना सगळ्या वाटेवर तेच चाललं होतं, "बघितला न्हाई म्हनतोय, म्हंजी हाय." मीही हो म्हणत होते. माझंही तेच म्हणणं आहे.

वटपौर्णिमेला मी वडाला गेले होते. वाण देताना शेजारची बायडाबाई करंडा घेऊन माझ्यापुढं आली, बोट कुंकवात बुडवलं आणि थांबली. "लावू का गं?" तिनं विचारलं. वन्सं, कुंकू लावताना कुणी कुणाला विचारतं का? मी कपाळ पुढं केलं. तिनं लावलं, पण नंतर तेच बोट पदराला पुसून घेतलं. ते मी बघितलं.

मामंजींचा खोकला वाढलाय. तुम्हाला दिवस गेलेत तेव्हा इकडं यायचा विचार करू नका.

आपली,
बनू

*

सांगली
ता. २८ जून १९६३

चि. सौ. बनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी हळदीच्या वखारीतून दुपारी आणलं. वाचून मी चुलीपुढं बसून राहिले, भाकरी करपली तरी कळलं नाही.

तुला सांगू का नको असं झालंय, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. धना माझ्या स्वप्नात येतोय. एकदा नाही, सारखा. दारात उभा असतो, अंगावरनं पाणी निथळतंय. मी म्हणते, "आत ये की रं." तर उंबरा ओलांडत नाही. म्हणतो, "आक्का, पाणी दे." मी तांब्या घेऊन येते तवर दार रिकामं.

आमच्या सासूबाईंना, सुलाबाईंना, सांगायला नको होतं. त्या म्हणाल्या, जित्या माणसाला स्वप्नात येऊन पाणी मागावं लागत नाही. मी त्यांना उलट बोलले. पहिल्यांदाच बोलले. तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे.

तू सोमवार धर. मीही धरलेत. आबांना स्वप्नाचं काही सांगू नकोस. माझी तब्येत बरी आहे, पाचवा लागला. मागल्या दोन खेपांना पाचव्यातच सगळं संपलं होतं, म्हणून जरा जपून आहे.

तुझी,
आक्का

*

माळाची वाडी
ता. २० सप्टेंबर १९६३

ती. सौ. आक्काताई यांस,
शि. सा. नमस्कार.

दोन कार्डं टाकली, तुमचं उत्तर नाही. बाळंतपणाचे दिवस जवळ आले म्हणून वेळ मिळत नसेल असं समजते.

परवा सर्वपित्री झाली, ती सांगायला लिहितेय. मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले. भात, वडे, खीर, गवारीची भाजी. मामंजींनी अंगणात पत्रावळी मांडल्या. त्यांचे वडील, आजोबा, तुमच्या आई, नाव घेत घेत एकेक पान मांडत गेले. मग हातात एक पान राहिलं. ते पान घेऊन ते उभेच. मी दारातनं बघत होते. त्यांनी ते आईंच्या पानाशेजारी ठेवलं. लगेच उचललं. परत ठेवलं. परत उचललं.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ठेवलं तर मी त्याला मारला. न्हाई ठेवलं आन तो गेल्याला असंल, तर वरीसभर उपाशी. तूच सांग, काय करू?"

मला काय सांगता येणार? शेवटी त्यांनी ते पान उचलून सोप्यात आणलं, पाटापुढं ठेवलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "हे कावळ्याचं न्हवं. पाव्हना आला तर त्याचं." दिवस मावळेपर्यंत ते पान तसंच होतं. भाताला मुंग्या लागल्या. मग मीच ते गाईला नेऊन घातलं. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत.

वन्सं, गेलेल्याला घास आहे, असलेल्याला ताट आहे. ह्यांना काय आहे, ते मला कुणी सांगत नाही.

उत्तर पाठवा.

आपली,
बनू

*

माळाची वाडी
ता. ९ डिसेंबर १९६३

ती. सौ. आक्काताई यांस,

पलटणीकडनं लखोटा आला. इंग्रजीत आहे. उंब्रजच्या मास्तरांनी वाचून सांगितलं. "बेपत्ता होऊन वर्ष उलटल्यामुळे मृत समजण्यात येत आहे." मी तीनदा वाचायला लावलं. मामंजी म्हणाले, "समजंनात का. त्यास्नी काय, कागद पुरा करायचा असतोय." पण घरी येऊन जे अंथरुणावर पडले, ते चार दिवस उठले नाहीत.

तुमची काहीच खबर नाही. बरं आहे ना?

बनू

*

सांगली
ता. ३० जानेवारी १९६४

चि. बनू हिस,
आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं पोचली. लिहायला हात उचलत नव्हता. भाद्रपदातच माझं पोर गेलं. ह्या खेपेला सातवा होता. मुलगा होता. ह्यांनी त्याला ओढ्याकाठी पुरलं, मला दाखवलंही नाही.

सुलाबाई मला काही वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या शेजारी बसून म्हणाल्या, "बाई गं, तुझ्या माहेरचा जीव मोकळा झालेला नाही. तो दारात उभा आहे. आत येणाऱ्या जिवाला वाट कशी मिळेल?" आधी दोनदा असं झालं, तेव्हा धना घरीच होता, हे मला कळत नाही का? कळतं. पण मी सातव्या महिन्यात झोपेत त्याला दारात बघत होते, आणि त्याच आठवड्यात हे झालं. आता मला कुणी काही सांगितलं तरी माझं मन मानत नाही.

आता तर सरकारनं लिहून दिलंय. इथल्या भटजींना विचारलं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, दहावं-तेरावं करतात. मग त्या जिवाला वाट मिळते. बनू, आबांना तयार कर. ते तुझं ऐकतात.

तुला काय वाटेल ते मला ठाऊक आहे. पण तू तुझ्या कुंकवासाठी माझ्या भावाला तहानलेला ठेवू नकोस. त्याची बायको तू चार वर्षांची, बहीण मी जन्माची.

आक्का

*

माळाची वाडी
ता. १८ फेब्रुवारी १९६४

ती. सौ. आक्काताई यांस,

तुमच्या पत्रात पहिल्यांदाच माझ्या नावामागं "सौ." नव्हतं. विसरून राहिलं असेल असं मी स्वतःला सांगितलं. पुढं वाचल्यावर कळलं, की राहिलं नव्हतं.

बाळाचं वाचून मी परसात जाऊन रडले. ते तुमच्यासाठी होतं. बाकीचं पत्र माझ्या पदरात आहे आणि ते जाळावं का ठेवावं ते कळत नाही.

तुमचं पत्र यायच्या आधीच मामंजी मला घेऊन एसटीनं वाईला जाऊन आले. मला म्हणाले होते गणपतीला जाऊ. दर्शन झाल्यावर घाटावर धोंडभटजींकडं घेऊन गेले. म्हणजे बापलेकींनी एकच ठरवलं, आणि मला शेवटी सांगितलं.

धोंडभटजी म्हातारे आहेत, माणूस वाईट नाही. पाटावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "बारा वर्षं वाट बघायची असा नेम आहे. पण सरकारनं कळवलंय, तर ती खबर धरता येईल."

मामंजींनी विचारलं, "आन क्रिया केल्यावर मागनं तो आला तर?"

"त्यालाही सांगितलंय. क्रिया झालेला माणूस परत आला, तर तो नव्यानं जन्मला असं धरायचं. तुपाच्या रांजणात बसवून बाहेर काढायचा, न्हाऊ घालायचा, बारसं करायचं, नाव ठेवायचं. मग त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं."

मी सासऱ्यापुढं परक्या माणसाशी कधी बोललेली नाही. त्या दिवशी बोलले. "आणि तोवर बायको कोण?"

भटजी नदीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तोवर विधवा. पोरी, हा नेम मी केलेला नाही."

येताना गाडीत मामंजी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मी म्हटलं, "मामंजी, तुमचा जीव इतका का उतावळा झालाय? बारा वर्षं मी थांबायला तयार हाय." ते म्हणाले, "तू हायेस. मी न्हाई." त्यांच्या पंच्याला रक्ताचा डाग होता. मला दिसू नये म्हणून ते तो मुठीत धरून बसले होते.

वन्सं, मी थांबतेय ते कुंकवासाठी नाही. राजारामानं वळून बघितलं तेव्हा मागं कुणी नव्हतं. मी वळून बघणं सोडलं, तर त्यांच्याकडं तोंड करून उभं असलेलं ह्या जगात कुणीच राहणार नाही. तुम्ही बहीण असून त्यांना दारात ओलं बघता. मी त्यांना अजून वाटेवर बघते. माझ्या डोळ्यांदेखत कुणीही त्यांना जाळायचं नाही. मी मेल्यावर काय करायचं ते करा.

बनू

*

सांगली
ता. २२ मार्च १९६४

चि. सौ. बनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन वेळा लिहायला बसले आणि उठले. तेवढ्यात परवा आबा आले. एकटे. तुला कराडला वैद्याकडं जातो असं सांगून निघाले होते ना? ते इथं आले. जिना चढताना त्यांना तीनदा बसावं लागलं.

मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, तुझ्या हट्टाला ते चिडतील. ते ऐकत राहिले. "माझ्या डोळ्यांदेखत" ह्या शब्दावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. त्यांनी मला शपथ घातलीय, तुला सांगायचं नाही म्हणून. ती मी मोडतेय.

म्हणाले, "आक्का, धन्याला पानी मिळंल का न्हाई, मला ठावं न्हाई. तुझ्या सासूचं बी मला पटत न्हाई. मला त्या पोरीचं पडलंय. चोवीस वर्साची हाय. ना सवाशीण, ना रांड. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवत न्हाईत आन इधवंच्या पंगतीत ती बसत न्हाई. तिचा बाप मागंच गेला, भाऊ न्हाई. मी जायचा हाय, ह्या पावसाळ्यापातूर बी न्हाई टिकत. मग त्या घरात ती एकटी, आन भावकी. आपल्यात इधवंचं म्होतूर लागतंय. खालच्या अंगाला नानासो हाय, बायकू गेल्याला, सरळ मानूस. मी त्याला इचारलंय. तो हू म्हनलाय. पर जित्या नवऱ्याच्या बायकूला म्होतूर लागत न्हाई. धन्याला मी मारल्याबिगर ती सुटत न्हाई."

मी म्हटलं, "आबा, हे तिला सांगा की. ती तुम्हाला उलट्या काळजाचा समजतीय."

"समजू दे. तिला सांगितलं तर ती म्हनंल, माझ्यासाठी करू नगा. मग मी कुनासाठी करू?"

बनू, मी इथं माझ्या पोटातलं दुःख घेऊन तुझ्यावर धावले. आबा तिथं पोराला मारायला निघाले होते ते तुला जगवायला. आणि तू आमच्या दोघांमध्ये उभी राहून एकटी त्याची वाट बघत होतीस. आता काय करावं ते मला सुचत नाही. करा असंही म्हणवत नाही, करू नका असंही म्हणवत नाही. आबांचं आता खरंच फार राहिलेलं नाही.

तुझी,
आक्का

*

माळाची वाडी
ता. २८ एप्रिल १९६४

ती. सौ. आक्काताई यांस,
बनूचा शि. सा. नमस्कार.

झालं. तुम्हाला बोलावलं नाही, कारण मामंजी म्हणाले, तिच्या अंगात अजून रक्त नाही, तिला नदीवर उभी करू नका. काल घर सारवलं. आज लिहितेय.

तुमचं पत्र वाचल्यावर मी मामंजींना काही विचारलं नाही. दोन दिवस त्यांच्याकडं बघत होते. खोकून झालं की भिंतीला धरून उठायचे, गोठ्यात जायचे, माझ्या वाटणीचं शेणही काढून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मामंजी, वाईला सांगावा धाडा. भटजींना येऊ द्या." "का गं?" म्हणाले. मी म्हटलं, "मी थकले." दुसरं काही म्हटलं असतं तर त्यांनी केलं नसतं.

अमावास्येला नदीवर गेलो. ह्या दिवसांत पळसाची जुनी पानं झडलेली असतात आणि नवी नुकती फुटत असतात. दोन डोंगर हिंडून भावकीतल्या माणसांनी पानं आणली. धोंडभटजींनी दर्भ अंथरला आणि त्यावर पानं लावत गेले. हे पाय, ही मांडी, ही छाती, असं म्हणत. डोक्याच्या जागी नारळ. वरनं लोकरीचा दोरा गुंडाळला, जवाचं पीठ लिंपलं. मी लांब बायकांत उभी होते. आधी नुसता पाचोळा दिसत होता. मग त्यांनी त्यावर धोतर पांघरलं आणि वन्सं, तो माणूस झाला. उंचीसुद्धा तेवढीच वाटली. हे उन्हाळ्यात सोप्यात तोंडावर धोतर घेऊन झोपायचे, तसाच.

भटजींनी मामंजींच्या हातात पेटती काडी दिली. ते पुढं गेले, वाकले, आणि तसेच राहिले. भटजी मंत्र म्हणून थांबले, पुन्हा म्हटले. मामंजींचा हात हलेना. काडी जळत बोटांपर्यंत आली तरी सोडेनात. मग म्हणाले, "ह्याला खांद्यावर घिऊन जोतिबाला गेलोय मी. माझ्या हातानं न्हाई व्हत."

भावकीतले पुढं यायला लागले. चुलतभावानं हात पुढं केला. ते बघून मला काय झालं सांगता येत नाही. ज्यांनी वर्षभर ह्यांचं नाव काढलं नाही, त्यांच्या हातानं नको, एवढंच डोक्यात होतं. मी बायकांतनं निघून तिथं गेले आणि मामंजींच्या हातातली काडी घेतली.

"बायकांनी हितं येऊ नये," कुणीतरी बोललं.

धोंडभटजी त्याच्याकडं न बघता म्हणाले, "मुलगा नसेल तर बायकोला अधिकार आहे. लोक विसरले असतील, शास्त्र विसरलेलं नाही. ये पोरी."

ह्यांना अग्नी मी दिला, वन्सं. कोरडी पानं होती, लगेच पेटली. नारळ फुटला तेव्हा मामंजी खाली बसले. मी त्यांना धरून होते. मला रडू आलं नाही. ती पानं आहेत, पानं आहेत, असं मी सारखी म्हणत होते, आणि धोतर जळायला लागल्यावर तेही म्हणता येईना.

नंतर बायका बांगड्या फोडायला आल्या. मी म्हटलं, मी काढते. काढून नदीत सोडल्या. कुंकू पदरानं माझं मीच पुसलं. बायडाबाई तेवढी ओक्साबोक्शी रडली.

तेरावं झालं. कालच्या जेवणानंतर मी मामंजींना सांगितलं, "नानासोंचं मला कळलंय. आक्का बोलल्या. त्यांच्यावर रागावू नका. मला एक वर्ष द्या."

ते म्हणाले, "वरीस माझ्यापाशी असतं तर म्या तुला बारा दिली असती."

मी त्यांच्याकडं बघितलं. पुढ्यातला भात त्यांनी नुसता चिवडला होता. मी म्हटलं, "मग आखितीचा सण झाल्यावर नानासोंना येऊन जाऊ द्या." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मामंजींना मी होकार दिलाय. पण तुम्हाला विचारते, कारण दुसरं कुणी नाही. मी दुसऱ्याच्या घरात नांदत असताना हे आले, तर भटजींच्या पोथीतलं ते लग्न कुणाशी लावायचं? मामंजी तेव्हा नसतील. उत्तर द्यायला मी आणि तुम्हीच असू. तुम्ही त्यांना तेव्हा काय सांगाल, ते आत्ताच मला लिहून पाठवा. मला अजून सुचत नाही.

आज दुपारी दोघं सोप्यात बसलो होतो. मी शेंगा फोडत होते, ते दोऱ्या वळत होते. फाट्यावर उंब्रजची एसटी थांबल्याचा आवाज आला. मी शेंगांचं सूप खाली ठेवून उठले आणि दाराशी गेले. बघते तर मामंजीही भिंत धरून उठलेले, माझ्या मागं उभे. वाटेनं एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन येत होती. ती वळली आणि खालच्या आळीला गेली.

आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. ते परत जाऊन बसले. मीही बसले.

आपली,
बनू